मराठी राज्य आमच्या उंबऱ्यात कधी येणार?

(लातूर-नांदेड भागातील गिरणी कामगार व हमाल यांच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही काही मोठे वक्ते नव्हेत. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढची सगळी शाळा डाळीच्या गिरणीत झाली. तूर चाळायची, भिजवायची, वाळवायची, चक्कीवर भरडायची, पॉलिश करायची, कट्टे भरायचे आणि ट्रकवर चढवायचे, एवढे आम्हाला येते. पण हिशेब आम्हाला कळतो. किती पोती आत आली, किती डाळ झाली, किती चुनी निघाली, हे दररोज संध्याकाळी जुळवावे लागते. तोच हिशेब आज आम्ही राज्यकर्त्यांना मागणार आहोत. मराठी राज्यात आम्ही काय घातले आणि आमच्या पदरात काय पडले? डाळ कोणी नेली आणि आमच्या वाट्याला चुनी कामून आली?

राज्य कशासाठी मागितले?

जुन्या माणसांना हे ठाऊक आहे, पण पोरांनी ऐकावे. निझामाच्या राज्यात आमच्या आज्या-पणज्याची बोली मराठी, आणि कचेरीचा कागद उर्दूत. समन्स आले तरी वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागे. कागदावर काय लिहिले ते न कळता माणूस अंगठा उठवीत असे, आणि शेत जात असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निझाम गेला. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ आणि हजारो अनाम माणसे त्यासाठी झिजली. तरीही पुढे ८ वर्षे आम्ही हैदराबाद राज्यातच होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य मोडले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तिकडे मुंबईत गिरणी कामगारांनी छातीवर गोळ्या झेलल्या. शंभरावर हुतात्मे झाले, तेव्हा १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

हे राज्य कोणी बक्षीस दिलेले नाही. आमच्यासारख्या घामाच्या माणसांनी ते आणले आहे. म्हणून त्याच्याकडे हिशेब मागण्याचा पहिला हक्क आमचा आहे.

मराठवाडा बिनशर्त आला, असे आमचे पुढारी अभिमानाने सांगत. शर्त घातली नाही हे खरे, पण शब्द तर दिला होता ना? २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार काय सांगतो? पैसा आणि नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायच्या, आणि मराठवाडा मागासलेला म्हणून त्याच्याकडे खास लक्ष पुरवायचे. भावाच्या घरात राहायला आलेल्या भावाने स्टॅम्पपेपर मागितला नाही, म्हणून त्याला ओसरीवरच झोपवायचे काय?

घागरीचा हिशेब

घरातली पहिली गोष्ट पाणी. पुढाऱ्यांच्या भाषणात ती शेवटी येते, आमच्या घरात पहाटे २ वाजता येते. नळ कधी सुटेल याचा नेम नाही. आठ-आठ दिवस वाट बघायची, आणि रात्री कुणी "आलं, आलं" म्हणून ओरडले की सगळी गल्ली उठते. आम्ही रात्रपाळीला असलो की घरची बाई एकटी हंडे, घागरी, बादल्या, पिंप, तेलाचे डबे सगळे भरते. लेकीला उठवते. सकाळी लेक शाळेत पेंगते आणि मास्तरांचे बोलणे खाते. सांगा, यात त्या लेकराचा काय गुन्हा? आमच्या आईचे वय झाले, गुडघे धरले आहेत, तरी ती उशाशी घागर घेऊन निजते. म्हणते, "झोप काय, उद्या बी येईल. पाणी येईल का सांग!"

आणि २०१६ साल कोण विसरेल? मांजरा धरण कोरडे पडले. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावले. निझामाच्या राज्यात स्वातंत्र्य मागणाऱ्यांवर जमावबंदी होती. आमच्या राज्यात घागर घेऊन उभ्या राहिलेल्या बायांवर जमावबंदी आली! १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली. तीनशेवर किलोमीटरवरून कृष्णेचे पाणी आले. ज्यांनी पाणी दिले त्या मिरज-सांगलीच्या भावांचे उपकार आम्ही मानतो. ज्या रेल्वे कामगारांनी रात्रंदिवस खपून त्या वाघिणी धुतल्या, भरल्या, आणल्या, त्यांना आमचा लाल सलाम.

पण एक सवाल उरतो. धरण कोरडे पडले ते एका दिवसात पडले काय? मांजराच्या खोऱ्यात उसाचे मळे आणि साखरेची धुराडी वाढत गेली, ती कोणाच्या परवानगीने वाढली? आम्ही ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला शिव्या देणार नाही. ज्या पिकाचे पैसे हमखास मिळतात तेच तो लावणार. तुरीला पाणी थोडे लागते; पण तुरीचे काय केले ते बघा.

२०१५ साली तूरडाळ २०० रुपये किलोच्या घरात गेली. आम्ही दिवसभर डाळीच्या ढिगात घोट्यापर्यंत उभे, आणि आमच्या घरी आमटीत डाळ शोधावी लागे. तो भाव बघून शेतकऱ्याने तूर पेरली. २०१६ च्या पावसाळ्यात मांजरा भरले, तूर अमाप आली, आणि २०१७ साली ५०५० रुपये हमीभाव असताना बाजारात तूर त्याखाली विकली. सरकारी खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, खरेदी बंद पडली, पोती उघड्यावर राहिली. म्हणजे महाग झाली तेव्हा कामगार मेला, स्वस्त झाली तेव्हा शेतकरी मेला. मधे कोण जगला ते तुम्ही ओळखा. परदेशातून, म्यानमारमधून आणि आफ्रिकेतून आलेली तूर लातूरच्या गिरण्यांत आम्हीच भरडतो, तेव्हा आम्हाला हे कळते. ज्या सरकारला बर्माची तूर आणता येते, त्याला औसा-निलंग्याची तूर वेळेवर विकत घेता येत नाही काय?

पदरात काय पडले?

बंधूंनो, उगाच रड गाणे हा आमचा धंदा नाही. मिळाले ते मिळाले म्हणून सांगितले पाहिजे. कोर्टाचा कागद मराठीत आला. १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ झाले, पुढे परभणीला कृषी विद्यापीठ, १९९४ साली नांदेडला स्वामीजींच्या नावाचे विद्यापीठ झाले. १९७६ साली जायकवाडीचे उद्घाटन झाले. १९६९ साली हमाल-माथाडींचा कायदा झाला, असा कायदा आमच्या राज्याने केला याचा आम्हाला अभिमान आहे.

पण ताटात वाढले किती आणि वाढायचे होते किती? सरकारनेच १९८३ साली प्राध्यापक दांडेकरांची समिती नेमली. १९८४ साली तिने सांगितले की मराठवाड्याचा अनुशेष सुमारे ७५० कोटींचा आहे. तेव्हाचे ७५० कोटी, आजच्या भावाने कितीतरी होतील! तो भरण्यासाठी १९९४ साली वैधानिक विकास मंडळ झाले. ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली. मुदत वाढवायला एक ठराव लागतो, तो वेळेवर झाला नाही. मुंबईत एका सरकारने दुसऱ्यावर आणि दुसऱ्याने पहिल्यावर बोट दाखवले. २०२२ साली मंत्रिमंडळाने पुन्हा मंडळे आणायचा निर्णय घेतला. २०२३ साली संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक भरली आणि ४५ हजार कोटींच्या वर आकडा जाहीर झाला. आकडा मोठा आहे. आमच्या गल्लीपर्यंत येईस्तोवर त्याचा नळ कुठे गळतो, एवढेच आम्हाला बघायचे आहे.

नांदेडच्या जुन्या कामगारांना उस्मानशाही मिलचा भोंगा आठवतो. त्या भोंग्यावर सगळे गाव उठे, चुली पेटत, लेकरे शाळेला निघत. आमच्या नात्यातली माणसे त्या मिलमध्ये खपली. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. कापूस आमच्या शेतात पिकतो, सूत दुसरीकडे निघते, सदरा तिसरीकडे शिवतात, आणि तो विकत घ्यायला आम्ही! मिलमधल्या कामगाराचा पोरगा आज पुण्याला कुठल्या तरी कारखान्यात कंत्राटी आहे. त्याची आई दिवाळीला फराळाचा डबा बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते. हाच का आमचा औद्योगिक विकास?

चार मुख्यमंत्री आणि दोन गावांचे भांडण

आता कुणी म्हणेल, तुमचा माणूस गादीवर नव्हता म्हणून असे झाले. अहो, नव्हता कसा? नांदेडचे शंकरराव चव्हाण दोनदा मुख्यमंत्री झाले. लातूर जिल्ह्यातले शिवाजीराव निलंगेकर झाले. बाभळगावचे विलासराव देशमुख दोनदा झाले. नांदेडचे अशोकराव चव्हाण झाले. या दोन जिल्ह्यांनी चार मुख्यमंत्री दिले. देशाचे गृहमंत्री दोन दिले, शंकरराव आणि लातूरचे शिवराज पाटील. शंकरराव जायकवाडी-विष्णुपुरीसाठी झटले, ते आम्ही नाकारत नाही. पण चार मुख्यमंत्री देणाऱ्या मुलखाला पाण्यासाठी आगगाडीची वाट बघावी लागते, यावरून एवढेच सिद्ध होते की आपला माणूस गादीवर बसला म्हणजे आपले राज्य आले, असे नव्हे. माणूस कुठला ते बघू नका, तो कोणाच्या हिशेबाने चालतो ते बघा.

आणि आम्हाला झुंजवले कसे? २००९ साली नांदेडला महसूल आयुक्तालय करायचा निर्णय झाला. लातूर म्हणाले, आमच्यावर अन्याय. मोर्चे निघाले, प्रकरण कोर्टात गेले. नांदेडचा कामगार लातूरच्या कामगाराकडे वाकड्या नजरेने बघू लागला. आयुक्तालय मात्र ना इकडे उभे राहिले, ना तिकडे. आजही तक्रारीचा कागद घेऊन किनवटच्या माणसाला संभाजीनगर गाठावे लागते. दोन मांजरांच्या भांडणात लोणी कोणी खाल्ले ते शाळेतल्या लेकरालासुद्धा माहीत असते.

रेल्वेचेही तसेच. २००३ साली नांदेडला रेल्वेचा विभाग झाला, पण तो दक्षिण मध्य रेल्वेत. त्याचे मुख्यालय सिकंदराबादेत. हैदराबाद राज्य १९५६ साली मोडले, आमच्या रुळांना ते अजून कुणी सांगितलेले दिसत नाही!

आणि अलीकडचे राजकारण तर विचारूच नका. २०२२ साली एक पक्ष फुटला, २०२३ साली दुसरा फुटला. कोण कुठे आहे हे सकाळी पेपर वाचल्याशिवाय कळेना. आमदार पक्ष बदलायला गुवाहाटीपर्यंत गेले, आमच्या गल्लीपर्यंत मात्र आले नाहीत. २०२२ साली आमच्या दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसला. नळ आला नाही तर ओरडायचे कोणाच्या दारात? नगरसेवकच नव्हता! २०२४ साली बहिणींच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये आले. बायांनी घेतले, घ्यावेतच, तो त्यांच्या कष्टाचा पैसा आहे. पण आमची बाई म्हणाली ते ऐका. "दीड हजार दिले ते बरं झालं. पण टँकरवाला, गॅसवाला अन् शिकवणीवाला दारातच उभे होते. पैसा आला तसा उंबऱ्यावरूनच गेला."

तेलंगणात जातो म्हणणारी गावे

आता सगळ्यांत जिव्हारी लागणारी गोष्ट सांगतो. १९५६ साली राज्ये आखली तेव्हा भाषा बघून तालुके फोडले. बिदरमधून उदगीर, अहमदपूर, निलंगा आमच्याकडे आले. आदिलाबादमधून किनवट आले. भैंसा, मुधोळ तिकडे गेले. भालकी, औराद, बसवकल्याणचे मराठी भाऊ म्हैसूर राज्यात गेले आणि अजून ते मराठीसाठी झगडतात. आणि इकडे? २०१८ साली धर्माबाद-बिलोली भागातली मराठी गावे म्हणू लागली, आम्हाला तेलंगणात घाला!

भावांनो, ही बातमी वाचून मुंबईत कुणी हसले असेल. आम्हाला हसू आले नाही. आमची सोयरीक त्या पट्ट्यात आहे. आमच्या नात्यातले एक कुटुंब सीमेच्या अलीकडे, एक पलीकडे. शिवाराला शिवार लागलेले, माती एक, पीक एक. पलीकडच्याला २०१८ पासून पेरणीच्या आधी एकरी ४००० रुपये हंगामाला मिळू लागले, शेताला २४ तास फुकट वीज मिळू लागली. अलीकडचा रात्री २ वाजता मोटर चालू करायला सापाकिरड्यातून जातो. लग्नात पंगतीला दोघे शेजारी बसतात तेव्हा काय बोलत असतील? अलीकडच्याची बायको म्हणते, "माझ्या बापानं दोन कोस पलीकडं दिली असती तर काय बिघडलं असतं?"

तिच्यावर कुणी मराठीद्रोहाचा शिक्का मारील तर आम्ही आडवे येऊ. ती बाई मराठीतच ओव्या म्हणते, मराठीतच लेकराला जोजवते. तिने भाषा सोडली नाही. राज्याने तिला सोडले आहे.

बाभळीचा बंधारा त्याच धर्माबाद तालुक्यात. २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे १ जुलैला दरवाजे उघडायचे आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडेच ठेवायचे. म्हणजे गोदावरी भरून वाहते तेव्हा अडवायची नाही, आणि ती ओसरली की दरवाजे लावायचे. हा निकाल आहे, तो पाळला पाहिजे. खालच्या शेतकऱ्यालाही तहान आहे, तो आमचा वैरी नव्हे. पण गोदावरी नाशिकपासून आमच्यापर्यंत येते, वर धरणांवर धरणे होतात, आणि शेवटी उरलेल्या पाण्यासाठी दोन गरीब मुलूख कोर्टात भांडतात. वरचे पाणी कोणाच्या राज्यात अडते? मराठी राज्यातच ना! मग भाऊ भावाला पाणी सोडताना दर वर्षी कोर्टकचेरी का?

लेकरांची भाषा

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा मान मिळाला. आम्हाला आनंद झाला, गिरणीत पेढे वाटले. पण २०१७ साली पट कमी म्हणून याच राज्याने सुमारे १३०० शाळा बंद करायला काढल्या होत्या, हेही आमच्या ध्यानात आहे. दिवाणखान्यात आईच्या तसबिरीला हार घालायचा आणि आईला मागच्या अंगणात जेवायला बसवायचे, असली ही भक्ती! २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा लादायचा हुकूम निघाला. लोक उठले, तेव्हा २९ जूनला तो मागे घ्यावा लागला. लोक उठले म्हणून! हे नीट लक्षात ठेवा.

लातूर पॅटर्नचे नाव देशभर आहे. दूरदूरची पोरे डॉक्टर व्हायला लातूरला येतात. आणि त्याच लातुरात गिरणी कामगाराची लेक शिकवणीच्या दारावरचा फीचा फलक वाचून परत फिरते. ती हुशार नाही काय? रात्री २ वाजता घागर भरणारी पोर सकाळी वर्गात पहिली येते, तिला अजून कसली परीक्षा द्यायची?

मग करायचे काय?

रडून काही मिळत नाही. राज्य सोडून जायचे नाही. हे राज्य आमचे आहे आणि ते कामाला लावायचे आहे. मालक पगार देत नाही म्हणून कामगार गिरणी जाळीत नाही, तो संघटना करतो. आमच्या मागण्या या आहेत :

१. मराठवाडा विकास मंडळ कायद्याच्या अधिकारासह चालू झाले पाहिजे, आणि त्याचा खर्च दर वर्षी तालुकावार, मराठीत, चावडीवर लागला पाहिजे.

२. धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा. नळ कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी येणार त्याची पाटी गल्लीत लागली पाहिजे.

३. तूर आणि सोयाबीनची खरेदी हमीभावाने, वेळेवर झाली पाहिजे, आणि तीच तूरडाळ रेशनवर आली पाहिजे. शेतकरी व कामगार दोघे एका पोत्यात जगतील.

४. डाळ गिरण्यांतील हमाल, आणि दिवसभर मान मोडून डाळ निवडणाऱ्या बाया, यांची नोंदणी, किमान वेतन आणि हजेरी कार्ड झालेच पाहिजे. कायदा १९६९ चा आहे, तो आमच्या गिरणीच्या फाटकातून अजून आत आलेला नाही.

५. पट कमी म्हणून एकही मराठी शाळा बंद होता कामा नये. शिक्षक द्या, पट आम्ही आणून देतो.

६. सीमेवरच्या गावांना शेजारच्या राज्याइतक्या सवलती मिळाल्या पाहिजेत.

आणि एक काम आमचे स्वतःचे. प्रत्येक गल्लीने एक दोन रुपयांची नव्हे, चांगली जाड वही करावी. नळ कोणत्या तारखेला आला, किती वेळ आला, रेशन कधी मिळाले, शाळेत मास्तर किती, ते रोज लिहावे. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्यावे. नांदेडच्या वह्या लातूरला वाचाव्यात, लातूरच्या नांदेडला. मते मागायला कोणीही आला, तो कोणत्याही झेंड्याचा असो, त्याला चहा द्या आणि वही पुढे ठेवा. म्हणा, भाषण नंतर, आधी हे वाचा. आज्याला उर्दू कागद वाचता येत नव्हता म्हणून शेत गेले. आता कागद आमचा, भाषा आमची, अक्षर आमच्या लेकीचे आहे. आता वाचायची पाळी त्यांची आहे!

हुतात्म्यांनी राज्य मुंबईपर्यंत आणून दिले. तिथून आमच्या उंबऱ्यापर्यंत ते आणायचे काम आपल्यावर सोपवले आहे. लातूर-नांदेड एक होईल, शेतकरी-कामगार एक होईल, तर ते आल्याशिवाय राहणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!
मराठवाड्याच्या हक्काचे पाणी मिळालेच पाहिजे!
जय महाराष्ट्र!